तपासणीची तालीम

कट्‌ असा आवाज आला की माणसं खूश होतात, या एका गोष्टीचा थोरलीला कायमचा राग होता.

माणूस टेबलावर पालथा पडतो, टेबलाच्या भोकात तोंड घालतो आणि त्या आवाजाची वाट बघतो. आवाज आला की उठून बसतो आणि म्हणतो, "हं, बसला मणका जागेवर!" जसा काही मणका इतके दिवस बाहेर फिरायला गेला होता. अरे बाबा, तो सांध्यातल्या बुडबुड्याचा आवाज आहे, बोटं मोडताना येतो तसाच, हे थोरली सांगून सांगून थकली होती. ती कायरोप्रॅक्टर होती. पाठीतला कुठला सांधा आळशासारखा बसून राहिलाय आणि त्याच्या वाटचं काम दुसरा कुठला गरीब सांधा ओढतोय, हे शोधायचं. आळशाला हातानं हलवायचं. आणि मग माणसाला नीट वाकायला, उचलायला, धावायला शिकवायचं, हे तिचं काम. त्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कोणाला नको असायचं. सायकलवाले, पळणारे, वजनं उचलणारे, सगळ्यांना आवाज तेवढा हवा. माघारी लोक तिला कटकनबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण बाई तापट होती आणि ती तापलेली असताना समोरच्याची मान बहुतेक वेळा तिच्याच हातात असायची.

तर अशा बाईला धाकट्या बहिणीनं फोन करून म्हणावं, "ताई, खारीला आणते उद्या. एक कट करून दे फक्त. पाच मिनिटांचं काम आहे."

"काय दुखतंय तिला?"

"दुखत काही नाही गं. कंबर जरा आखडलीय. हे म्हणतात, ताईंचा हात लागला की मोकळी होईल. पुढच्या आठवड्यात निवड चाचणी आहे ना."

"दुखत नाही तर कट कशाला करू? शोभेला?"

"तू ना, लगेच चिडतेस," धाकटी म्हणाली. हे खरं होतं, त्यामुळे थोरली आणखी चिडली.

खार म्हणजे धाकटीची लेक. नीट चालायला लागायच्या आधीच ती एकदा कपाटावर सापडली होती, तेव्हापासून हे नाव. आता ती सोळा वर्षांची होती, आणि जिम्नॅस्टिक्सच्या त्या अरुंद बीमवर, जिथं तुम्हीआम्ही नीट बसूही शकणार नाही, ती मागे कमान टाकून हातांवरून पलटी घ्यायची. बघणारे डोळे मिटून घ्यायचे, तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. तिचे वडीलच तिचे प्रशिक्षक. हॉलमध्ये त्यांना सगळे सर म्हणत. मुली म्हणत, मुलींच्या आया म्हणत, धाकटीसुद्धा तिथं सरच म्हणे. हॉल कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं, हे त्या तिघांना बऱ्याच दिवसांत सांगता आलं नसतं. जेवताना सर लेकीच्या ताटाकडे बघायचे आणि टीव्ही बघताना तिच्या बसण्याकडे.

निवड झाली तर खार देशाच्या संघाच्या शिबिराला जाणार होती. त्या घरात दुसरा विषयच नव्हता. सरांनी त्यासाठी नोकरी सोडली होती, धाकटीनं माहेरी येणं सोडलं होतं, आणि खारीनं काय काय सोडलं होतं ते विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. थोरलीचा दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर खुर्च्या आणि खुंटीला टांगलेला प्लॅस्टिकचा पाठीचा कणा. आत टेबल, भिंतभर आरसा, रबरी पट्टे आणि कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या. सर आत आले ते टेबलाकडे बघतच.

"ताई, सगळं आता तुमच्या हातात आहे," ते म्हणाले. गोड बोलण्यात या माणसाचा हात कोणी धरला नसता.

"आधी तपासते."

"तपासा की. तुमचा हक्कच आहे."

थोरलीनं खारीला पुढे वाकवलं, बाजूंना वाकवलं, मागे वाकवलं. मग ती एका पायाची तपासणी. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय उचलायचा आणि मागे वाकायचं. दिसायला खेळ आहे. पण सारख्या मागे कमानी टाकणाऱ्या मुलींच्या कमरेच्या मणक्याला कधी कधी बारीक चीर जाते. तशी चीर असली तर या एका हालचालीत बहुतेक वेळा तोंडून हाय निघतं, निदान डोळा तरी बारीक होतो. चीर ताजी असेल आणि मुलीला स्वस्थ बसू दिलं तर ती भरूनही येते. तिला तसंच दामटलं तर मात्र मणका पुढे सरकू शकतो, आणि मग कमानी राहू द्या बाजूला, पाण्याची बादली उचलतानाही आधी विचार करावा लागतो.

खार डाव्या पायावर उभी राहिली आणि मागे वाकली. सुरेख वाकली. मग उजव्या पायावर, तसंच. चेहऱ्यावर दुखण्याची खूण नाही, उलट हसू.

थोरलीला हायसं वाटलं. "छान," ती म्हणाली आणि टेबलावरचा कागद बदलायला वळली. समोर आरसा होता. आरशात तिला दिसलं की खार सरळ झाली, तिनं पाय जुळवले, छाती पुढे काढली, हनुवटी उचलली आणि दोन्ही हात वर करून बोटांच्या टोकापर्यंत ताणले.

ती सलामी होती. आपला प्रकार संपला की जिम्नॅस्ट जजना देतात ती.

थोरलीच्या हातातला कागद हातातच राहिला. आजवर तिनं ढिगानं पाठी तपासल्या होत्या. तपासणी झाली की लोक शर्ट खाली ओढतात, "झालं का?" विचारतात, चष्मा कुठे ठेवला ते शोधतात. सलामी कोणी देत नाही. सलामी माणूस बसवलेल्या गोष्टीला देतो, घोटून घोटून अंगात मुरवलेल्या गोष्टीला. आणि आपण ती दिली हे खारीच्या गावीही नव्हतं. सरांना मात्र कळलं असावं, कारण ते एकदम खोकायला लागले.

"भावोजी, तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

"कशाला? आम्ही इथंच..."

"बाहेर," थोरली म्हणाली.

दार लावून ती खारीच्या मागे उभी राहिली. एका हातानं तिनं खारीच्या बरगड्या धरल्या, आणि आपला गुडघा तिच्या गुडघ्यामागे लावला. "आता परत वाक."

छातीतून वाकायला वाट राहिली नाही, गुडघ्यातून वाकायला वाट राहिली नाही. राहिली फक्त कंबर. खार दोन बोटं मागे गेली असेल नसेल, तिच्या घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघाला. लगेच तिनं स्वतःचं तोंड दाबलं आणि दाराकडे पाहिलं.

"मावशी, बाहेर ऐकू गेलं असेल का?"

"कधीपासून आहे हे?"

"थंडी सुरू व्हायच्या आधीपासून. पण रोज नाही. म्हणजे रोज, पण दिवसभर नाही."

"आणि मघाशी वाकलीस ते तसं वाकायला कोणी शिकवलं?"

खारीनं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग सांगू लागली, एखादा अवघड प्रकार नव्या मुलीला समजावून सांगावा तशी. दुखतं म्हणण्यापेक्षा तिला ते कितीतरी सोपं होतं.

"गुडघा किंचित सोडायचा, दिसणार नाही इतकाच. मग खांदे आणि छाती उघडायची. कंबर घट्ट धरून ठेवायची. श्वास आत घ्यायचा आणि हसायचं, म्हणजे चेहरा आपोआप नीट राहतो. बाबांनी बसवून घेतलं. ते तुझ्या जागी उभे राहायचे. अगदी तुझ्यासारखे, एक भुवई वर करून."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मागच्या हंगामात तीच त्या हॉलमध्ये गेली होती. प्रशिक्षकांना आणि पालकांना बसवून तिनं ही तपासणी करून दाखवली होती, का, तर दुखणं लवकर कळावं, मुली वाचाव्यात. सर पुढच्या रांगेत माना डोलावत होते. "हुशार मुली गुडघा सोडून फसवतात बरं का, तिकडे नजर ठेवा," असंही तिनं बजावलं होतं. सरांनी ठेवली होती नजर. तिनं कुलूप कसं लावायचं ते शिकवलं आणि या शहाण्यानं त्यावरून किल्ली बनवली. आणि बनवली ती कोणासाठी, तर स्वतःच्या पोरीची पाठ मोडायला.

ती दार उघडून बाहेर आली. "भावोजी, खारीच्या मणक्याला चीर असावी असं मला वाटतं. उद्या स्कॅन करून घ्यायचा. तोपर्यंत उडी नाही, कमान नाही, बीम नाही."

सर हसले. "ताई, असावी म्हणजे काय, असायला काहीही असू शकतं. स्कॅन केला की काहीतरी निघणारच. या खेळात कोणाची पाठ कोरी असते? एकदा निवड होऊ दे, मग तुम्ही म्हणाल तितके दिवस झोपवून ठेवू तिला."

"तुम्ही तिला खोटं वाकायला शिकवलंत."

"खोटं काय त्यात?" सरांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमची तपासायची एक पद्धत आहे, त्याप्रमाणे मी तयारी करून घेतली. परीक्षेची तयारी सगळेच करून घेतात."

"अहो, ही परीक्षा नव्हे! यात नापास झाली तर मुलगी वाचते!"

बाहेरच्या खुर्चीवर मानेला पट्टा लावून बसलेले एक आजोबा दचकले. थोरलीला त्यांची पर्वा नव्हती. ती बहिणीकडे वळली. "तुला ठाऊक होतं हे?"

धाकटीनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली. "रोज रात्री तिची पाठ मीच शेकते," ती म्हणाली.

थोरलीला वाटलं होतं, ही नाही म्हणेल. निदान रडेल तरी. बहिणीच्या त्या सरळ उत्तरानं तिचा राग क्षणभर अडखळलाच, कारण भावोजींवर ओरडायला तिला कधीच अडचण नव्हती, पण या बाईची तिनं लहानपणी वेणी घातली होती.

"तुला नाही कळायचं, ताई," धाकटी म्हणाली. "एवढ्या वर्षांची मेहनत आहे. आणि आम्ही काही ढकलत नाही तिला. तिलाच जायचंय. विचार तिलाच."

खार दारात उभी होती. "मावशी, कर ना गं," ती म्हणाली. "एकदाच कट कर. चाचणी झाली की तू म्हणशील ते ऐकेन."

"तुझ्या कमरेला मी हात लावणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः तुला स्कॅनला नेते."

"नाही लावणार? ठीक आहे," सर म्हणाले. आता आवाजातली साखर संपली होती. "कट करणाऱ्या तुम्ही काही एकट्याच नाहीत. चल, खार."

आणि तिघं गेली. खार बापामागून गेली, पायरी उतरताना कठड्याला धरून, आणि तेही असं की बघणाऱ्याला वाटावं सहजच हात लावला.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी थोरलीनं धाकटीला किती फोन केले याला गणती नाही. धाकटीनं एकही उचलला नाही. दुपारी एक सायकलवाला आला आणि टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, "आज जरा मोठा आवाज काढा हं." थोरली म्हणाली, "आवाजच हवा असेल तर फुगा फोडून देते, घरी घेऊन जा." त्या बिचाऱ्यानं तोंड परत टेबलाच्या भोकात घातलं. पण असल्या फुसक्या रागानं काय होणार होतं? पोलिसांत जाऊन काय सांगायचं, बापानं मुलीला वाकायला शिकवलं म्हणून? ज्याला सांगावं त्यानं म्हटलं असतं, घरचा मामला आहे, बसून मिटवा. मणका मोडल्यावर तो घरचा राहत नाही, तो फक्त तिचा राहतो, हे कोणाला सांगायचं?

संध्याकाळी तिनं दवाखान्याला कुलूप लावलं आणि तडक हॉल गाठला. खारीला हाताला धरून बाहेर काढायचं, जे व्हायचं ते होवो, एवढंच ठरवून.

हॉल मोठा होता, उंच छपराचा. हवेत खडूची भुकटी आणि घामाचा वास. एका बाजूला कठडा आणि कठड्यामागे पालकांची बाकं. त्यावर आया, एकदोन बाप, पाण्याच्या बाटल्या, मोबाईल. मधे निळ्या गाद्या, आणि पलीकडे बीम. बीमवर खार होती. कमरेला रुंद पट्टा बांधला होता. सर खाली उभे राहून तिला काहीतरी सांगत होते. धाकटी बाकाच्या टोकाला बसली होती. तिनं बहिणीला पाहिलं आणि मान खाली घातली.

थोरली कठड्याशी पोचली आणि तिथंच थांबली. गाद्यांवर लहान मुलींची रांग उभी होती. काही दात पडलेल्या, काही नुकते आलेल्या. सगळ्या एका पायावर. सगळ्यांचा दुसरा पाय उचललेला. शिट्टी झाली तशा सगळ्या मागे वाकल्या, खांद्यांतून, छातीतून, गुडघा किंचित सोडून, आणि हसल्या.

"हे काय चाललंय?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

"वॉर्मअप," ती बाई कौतुकानं म्हणाली. रांगेतल्या सर्वांत बुटक्या मुलीकडे तिनं बोट दाखवलं. "ती माझी. गोटी म्हणतात सगळे. या प्रकाराला ना, 'मावशी' म्हणतात. सरांच्या घरात एक कायरोप्रॅक्टर मावशी आहेत, त्यांनी सांगितलाय. रोज केला की पाठ चांगली राहते म्हणे. तुमची मुलगी नवीन आहे का?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे एका पोरीवर भागलं नव्हतं. आत्ताच सगळ्यांना तयार करून ठेवायचं, म्हणजे उद्या कोणीही तपासायला आलं तरी एकही सापडायला नको. आणि वर त्याला नाव कोणाचं, तर हिचं! आपण काय करतोय हे त्या चिमुरड्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या आयांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो गळ्यात शिट्टी घालून उभा होता.

"मीच ती मावशी," ती म्हणाली. मग कठड्याचं फाटक ढकलून, दारातच सँडल काढून फेकून ती गादीवर गेली.

"ताई, सराव चालू आहे," सर तिथूनच म्हणाले. "घरचं घरी बोलू."

"घरचं घरीच बोलणार होते. तुम्ही ते इथं रांगेत उभं केलंत." ती मुलींकडे वळली. तिचा आवाज चढला होता, छपरापर्यंत जात होता. "मुलींनो, खरं सांगा. तुमच्यापैकी पाठ कोणाची दुखते? घाबरू नका. हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"कंबर? मागे वाकताना? कोणाचीच नाही?"

"नाही, मावशी!" मुली एका सुरात म्हणाल्या. गोड, खणखणीत. सगळ्यांच्या हनुवट्या वर, सगळ्यांच्या तोंडावर हसू. बाकांवरच्या दोघीतिघी आया हसल्या, एका बापानं मोबाईल पुन्हा वर धरला. सरांनी दोन्ही तळवे असे पसरले, की बघा, आता काय म्हणायचं?

 इतकं रागावून थोरली क्वचितच कधी इतकी निरुपयोगी झाली होती.  पाठ दाबून, धरून, हलवून तिला सगळं कळत असे. हसणाऱ्या रांगेचं काय करायचं ते कोणी तिला शिकवलं नव्हतं.

"असं नाही विचारायचं, मावशी."

बीमवरून खार बोलली होती. तिनं आधी बीमवर बसकण मारली, मग एक पाय सोडला, मग दुसरा, आणि हातांनी धरून हळूच खाली उतरली. ती बीमवरून उडी मारून उतरत असे, हे हॉलमधलं लहान पोरही सांगू शकलं असतं. मुलींची रांग वळून तिच्याकडे बघायला लागली.

"खार, वर चढ," सर म्हणाले.

"असं विचारलं की नाही म्हणायचं असतं," खार म्हणाली. ती थोरलीशीच बोलत होती. "ते सगळ्यात आधी शिकतो आम्ही."

ती गोटीसमोर गुडघे टेकून बसली. "गोटी, शाळेत बाकावर बसून कंटाळा आला की तू पाठीमागे काय घेतेस?"

गोटी लाजली. "स्वेटर."

"गुंडाळून?"

"हो. असा गोल करून."

"कुठे ठेवतेस दाखव."

गोटीनं हात मागे नेला आणि कमरेच्या खळगीत मूठ ठेवली.

"मी दप्तर घेते," शेजारची म्हणाली. "पण बाई ओरडतात."

"मी तर उशी घेते, झोपताना. गुडघ्यांखाली."

"मला आई पिशवीनं शेकते. मी सांगितलं, गार वाटतंय म्हणून."

"मी सांगितलं, पोटात दुखतंय!"

मुली आता एकमेकींना सांगायला लागल्या, डब्यात काय आणलंय ते सांगावं तशा, हिरिरीनं. कोणी अंथरुणातून उठताना कसं वळतं, कोणी शाळेच्या जिन्यावर कसं मधे थांबून बूट बांधल्यासारखं करतं. रांगेतल्या सगळ्या नव्हत्या बोलत. पण बोलणाऱ्या पुष्कळ होत्या. दुखतं हा शब्द त्यातल्या एकीनंही उच्चारला नाही. ज्या बोलत होत्या त्यांचा एक एक हात मात्र मागे गेला होता, आणि सगळ्यांचा एकाच जागी.

 मोबाईलवाला बाप उभा राहिला होता.

खारीनं गोटीच्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला. "हिला मी शिकवलं, मावशी," ती म्हणाली. "सर म्हणाले, मोठ्यांनी छोट्यांना शिकवायचं. गुडघा कसा सोडायचा ते. मला वाटलं, माझंच तेवढं..."  तिचं तोंड हसण्याच्या आकारातच राहिलं होतं, सवयीनं, आणि त्यावरून पाणी वाहत होतं.

"खार! चाचणीला चारच दिवस आहेत. वर चढ!"

"नाही चढणार."

"आज नाही चढलीस तर चाचणीला काय करणार आहेस?"

"चाचणीलाही नाही," खार म्हणाली. एवढं बोलून तिनं हंबरडा फोडला. रडणं पाठीचं नव्हतं. ज्यासाठी इतकं सोसलं ते आपल्याच तोंडानं सोडून दिलं, त्याचं होतं. थोरलीला वाटलं, एखाद्याला बुकलून काढावं. या पोरीला हे सोडायला लावायची पाळी तिच्यावर यावी? बाप उभा आहे, आई बसली आहे, मावशी तावातावानं ओरडते आहे, आणि ठरवायचं या पोरीनं, या पोरीनंच?

सर भराभर पुढे आले. "अहो, मुलं एकमेकांचं ऐकून काहीही सांगतात," ते पालकांना म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला. "एकीनं म्हटलं की दुसरी म्हणते. जागेवर बसा प्लीज. मुली विचलित होतात."

गोटीची आई जागेवर बसली नाही. तिनं फाटक ढकललं आणि सरळ आत आली. तिच्यामागून दुसरी आली, मग तो मोबाईलवाला बाप, मग बाक रिकामंच झालं. कोणी पळत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या मुलीपाशी जाऊन तिच्या पाठीला हात लावून बघत होता. निळ्या गादीवर चपलांचे आणि बुटांचे मातकट ठसे उमटत चालले.

"चपला!" सर ओरडले. "गादीवर चपला नकोत! किती वेळा सांगितलंय, गादी फाटते!"

सर्वांच्या शेवटी धाकटी उठली. तिच्या पायात टाचांचे बूट होते.

"अगं, तू तरी! गादी फाटेल!"

"फाटू दे," धाकटी म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता लेकीजवळ जाऊन खाली बसली.